मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांची व्यक्तिचित्रे: दिवे किती घ्यावेत याविषयीच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

मिरजेत सतार आणि तानपुरे घडवणाऱ्या कारागिरांची अठरा व्यक्तिचित्रे टिपण्याचे काम आजपासून हाती घेतले. मिरजेच्या या दोन वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यानंतर वाद्यांची सुंदर छायाचित्रे पाहायला मिळाली, परंतु ती घडवणारी माणसे माझ्या पाहण्यातल्या बहुतेक छायाचित्रांत वाद्याच्या मागे अंधूक उभी असतात, नाहीतर मोबाइलच्या फ्लॅशने पांढरीफटक पडलेली असतात. या माणसांचे चेहरे नीट, मोठ्या आकारात, त्यांच्याच कारखान्यात टिपले जावेत एवढाच या कामाचा हेतू आहे.

पहिला प्रश्न दिव्यांचा आहे. कॅमेरा आणि ८५ मिलिमीटरची लेन्स माझ्याकडे आहे, दिवे मात्र नव्याने घ्यायचे आहेत आणि त्यासाठी २५ हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. एवढ्या पैशांत तीन साधे फ्लॅश आणि उजेड पसरवणाऱ्या तीन छत्र्या बसतात, किंवा एक चांगला फ्लॅश, तो दुरून चमकवणारा रेडिओ ट्रिगर, ९० सेंटिमीटरचा अष्टकोनी सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी) आणि न डगमगणारा जड स्टँड बसतो. कारखाने दहा बाय बाराच्या खोल्यांत आहेत, छताला अर्धवट तयार वाद्ये टांगलेली असतात आणि जमिनीवर वाद्यांच्या तुंब्यांसाठीचे भोपळे वाळत ठेवलेले असतात, त्यामुळे हा प्रश्न पैशांइतकाच जागेचाही आहे.

८ जानेवारी

ज्या स्टुडिओत मी हे काम शिकलो तिथे दोन छत्र्या कायम उभ्या असत. मध्ये स्टूल, मागे निळा पडदा आणि दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, सारख्या शक्तीचे दोन दिवे. पासपोर्टच्या फोटोत चेहऱ्यावर सावली चालत नाही, त्यामुळे त्या कामासाठी ती मांडणी अगदी योग्य होती. एखाद्या चित्राची किंवा जुन्या कागदाची नक्कल काढतानाही दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांवर सारखेच दिवे लावतात, कारण तिथे पृष्ठभाग सपाट आणि एकसारखा उजळलेला हवा असतो. दोन सारखे दिवे सावली पुसण्यासाठी असतात, ही गोष्ट आज कागदावर लिहून काढल्यावर मला प्रथमच नीट उमगली. कारागिराच्या चेहऱ्यावरची सावली मला पुसायची नाही, म्हणून सवयीने दोन छत्र्या घेऊन जाणे या कामाला मारक ठरेल असे वाटू लागले आहे.

छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ थाटला, त्या काळी व्यक्तिचित्रासाठी दिवसाचा उजेड हाच मुख्य दिवा होता. काचेच्या छतातून किंवा मोठ्या खिडकीतून तो आत घ्यायचा आणि पडदे ओढून, सोडून त्याला हवे तसे वळण द्यायचे, अशी पद्धत होती. चित्रकारांचेही तेच आहे. सावंतवाडीकडच्या सां. ल. हळदणकरांनी जलरंगात रंगवलेले, हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. त्यात एकच ज्योत आहे आणि तिच्यापुढे तळहाताचा आडोसा आहे, बोटांच्या कडा त्या उजेडाने आतून लालसर झाल्या आहेत, आणि चेहऱ्याचा, पदराचा, मागच्या सावलीचा सारा हिशेब त्या एकाच ज्योतीशी जुळतो. चित्र पाहणाऱ्याला उजेड कुठून येतो हे विचारावे लागत नाही. माझ्या चित्रांतही तेवढे साधावे अशी इच्छा आहे.

१२ जानेवारी

घरीच चाचणी घेतली. धाकट्या भावाला भिंतीपासून दोन मीटर पुढे बसवले आणि मित्राकडून मागून आणलेला एकच फ्लॅश सॉफ्टबॉक्समध्ये घालून त्याच्या चेहऱ्यापासून एक मीटरवर, डाव्या बाजूला पंचेचाळीस अंशांवर आणि डोळ्यांच्या पातळीहून दोन फूट वर ठेवला. आयएसओ १००, एफ/५.६ आणि फ्लॅशची शक्ती एक अष्टमांश असताना चेहरा बरोबर उजळला.

त्यानंतर अर्धा तास फक्त दिवा हलवला. दिवा कॅमेऱ्याच्या बरोबर वर घेतला की नाकाखाली लहानशी सावली पडून गालाची हाडे उठून दिसतात. तो थोडा बाजूला सरकवला की नाकाची सावली तिरपी होऊन ओठाच्या कोपऱ्याकडे झुकते. आणखी सरकवला की ती सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि अंधाऱ्या बाजूच्या डोळ्याखाली उजेडाचा एक त्रिकोण उरतो. हा त्रिकोण डच चित्रकार रेम्ब्रांच्या नावाने ओळखला जातो. त्याहीपुढे गेले की त्रिकोण विझतो आणि अर्धा चेहरा अंधारात जातो. एका दिव्याच्या हातभर हालचालीत चार वेगळी माणसे दिसली.

दुसरी महत्त्वाची नोंद अंतराची आहे. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो हे आपण शाळेत शिकतो, पण व्यक्तिचित्रात त्याचा उपयोग किती मोठा आहे हे आज मोजून पाहिले. दिवा चेहऱ्यापासून एक मीटरवर आणि भिंत दिव्यापासून तीन मीटरवर असताना भिंतीवर चेहऱ्याच्या एक नवमांश उजेड पडतो, म्हणजे भिंत तीन स्टॉपहून थोडी अधिक काळवंडते (एक स्टॉप उतरला की उजेड निम्मा होतो). दिवा मागे घेऊन चेहऱ्यापासून दोन मीटरवर नेला की भिंत चार मीटरवर जाते आणि तिच्यावर एक चतुर्थांश उजेड पडतो, म्हणजे फरक दोनच स्टॉपचा राहतो. दिवा सत्तर सेंटिमीटरपर्यंत जवळ आणला की फरक जवळजवळ चार स्टॉपचा होतो. पार्श्वभूमी उजळ करायची की गडद, हे ठरवण्यासाठी प्रत्येक वेळी वेगळा दिवा लागतोच असे नाही, पुष्कळदा स्टँड पुढे किंवा मागे सरकवून भागते. अर्थात दिवा दूर गेला की चेहऱ्याच्या दृष्टीने तो लहान होतो आणि सावलीच्या कडा कठीण होतात, तेव्हा ही सोय फुकट मिळत नाही.

अंधारी बाजू फारच काळी वाटली तिथे समोरून पांढरा सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका पुठ्ठा, धरला. तो चेहऱ्यापासून दोन फुटांवर असताना सावलीत डोळा दिसू लागला, एका फुटावर आणला तेव्हा सावली इतकी फिकी झाली की पुन्हा मागे न्यावा लागला. सनबोर्डला वीज लागत नाही, वेगळा रंग नसतो आणि तो डोळ्यात प्रतिबिंबाचा दुसरा ठिपकाही जवळजवळ उमटवत नाही.

१८ जानेवारी

आज दोन दिव्यांची चाचणी मुद्दाम घेतली, कारण न पाहता नाकारणे योग्य नव्हते. एका गायक स्नेह्यांनी त्यांचा तानपुरा दोन दिवसांसाठी विश्वासाने दिला होता. दुसरा फ्लॅश उजव्या बाजूला, पहिल्याइतक्याच शक्तीवर लावला.

चेहऱ्यावरचा परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन सावल्या पडल्या, गालांचा उठाव गेला आणि दोन्ही डोळ्यांत दोन-दोन ठिपके आले. दुसऱ्या दिव्याची शक्ती एक स्टॉपने आणि मग दोन स्टॉपनी उतरवल्यावर चेहरा पुष्कळ सुधारला. पण भोपळ्याकडे पाहिले तेव्हा मात्र थांबावे लागले. पॉलिश केलेला भोपळा हा बाहेर फुगलेला आरसाच असतो. त्याच्या गोलाईवर पहिला सॉफ्टबॉक्स उमटला होता, दुसराही उमटला होता, मागची खिडकी होती आणि कॅमेऱ्यामागे उभा असलेला मीही लहानसा दिसत होतो. शक्ती कमी केल्याने दुसऱ्या दिव्याचा डाग मंद झाला, पण गेला नाही. एका दिव्याने तोच भोपळा टिपला तेव्हा त्याच्या खांद्यावरून एकच लांबट चकाकी उतरली, तिच्या कडेला पॉलिशचा तांबूस रंग हळूहळू गडद होत गेला आणि भोपळ्याचा पोटाकडचा भाग किती गोल आहे हे डोळ्यांना हाताने चाचपल्यासारखे कळले.

या विषयाला दिव्यांची संख्या वाढवणे महाग पडेल, हे आज निश्चित झाले. एका फ्लॅशचा संच घ्यायचे ठरवले. उरलेल्या पैशांतून दोन सनबोर्ड, काळ्या कापडाचा एक तुकडा आणि स्टँडच्या पायावर ठेवायला वाळूच्या पिशव्या घेतल्या.

२६ जानेवारी

पहिले प्रत्यक्ष चित्र. जवारी लावणाऱ्या, म्हणजे घोडी घासून वाद्याचा नाद जुळवणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या चाचांच्या कारखान्यात सकाळी दहाला पोहोचलो. खोलीला उत्तरेकडे एकच दार आहे, छतावर एलईडीची नळी आहे, आणि चाचा दारापासून हातभर आत, भिंतीला पाठ न टेकता बसतात. मी सामान मांडत असताना ते तानपुऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस चालवत होते. दोनचार वेळा घासायचे, फुंकर मारून भुकटी उडवायची, तार छेडून ऐकायचे, आणि मग घोडी डोळ्यांसमोर आडवी धरून तिच्या पाठीवरून दाराकडे पाहायचे, असा त्यांचा क्रम होता. मी चेहरा दिसावा म्हणून वरची नळी लावली, तेव्हा त्यांनी मान वर न करता सांगितले, “ती नळी बंद करा बाळ. दोन्हीकडनं उजेड आला की चढ दिसत नाही.”

घोडीची पाठ सपाट नसते. तिला अगदी सूक्ष्म उतार असतो, तार त्या उतारावर सरकत टेकते आणि त्यातूनच तानपुऱ्याचा तो भरलेला, झणकारणारा नाद येतो. तो उतार केसाइतका चुकला तरी आवाज बिघडतो. एका बाजूने, तिरप्या येणाऱ्या उजेडातच तो डोळ्यांना दिसतो, हे चाचांनी आयुष्यभर वापरलेले ज्ञान आहे, आणि मी दोन आठवडे स्टँड सरकवून जे शोधत होतो ते नेमके हेच होते. मी नळी बंद केली आणि फ्लॅशही दाराच्याच बाजूला, दाराच्याच उंचीवर नेला. उजेडाची दिशा एकच राहिली.

इथे एक बाब स्वच्छ लिहून ठेवतो. ‘एक दिवा’ असे मी म्हणत असलो तरी या खोलीत उजेडाचे दोन उगम होते, फ्लॅश आणि दार. आयएसओ ४००, एफ/५.६ आणि १/६० सेकंदावर दाराचा उजेड पूर्ण नोंदला जात होता. शटर १/२०० केल्यावर तो सुमारे पावणेदोन स्टॉपनी उतरला, फ्लॅशचा उजेड मात्र होता तेवढाच राहिला, कारण फ्लॅशची चमक शटरच्या वेळेच्या मानाने अत्यंत अल्पकाळ टिकते आणि तिच्यावर ताबा छिद्राचा आणि आयएसओचा असतो. म्हणजे शटर हे दाराचे बटण झाले आणि फ्लॅशची शक्ती हे दिव्याचे. शेवटी १/१०० ठेवले. अंधाऱ्या गालावर खोलीचा मंद उजेड राहिला आणि सनबोर्ड लागलाच नाही.

पांढरी टोपी आणि पांढरी दाढी यांचा तपशील जाऊ नये म्हणून उजेडाची मोजणी चेहऱ्यावर न करता दाढीच्या सर्वांत उजळ भागावर केली. सावळ्या त्वचेचा उजेड वाढवण्याच्या नादात दाढी कापसाचा गोळा होते, हे पूर्वी अनेकदा घडलेले आहे.

२ फेब्रुवारी

तिसरा कारखाना आणि सर्वांत अरुंद. सॉफ्टबॉक्स मांडल्यावर कारागिराला उठून बाहेर जायला वाट उरली नाही. माझ्या पाठीमागे स्टँडचा पाय वाळत ठेवलेल्या भोपळ्याला लागला आणि तो घरंगळत दारापर्यंत गेला. मंगळवेढ्याकडून आणलेले, नीट वाळवलेले असे भोपळे मिळवायला आणि जपायला किती कष्ट पडतात हे त्या घराला ठाऊक आहे, तरी कोणी एक शब्दही बोलले नाही. भोपळ्याला तडा गेला नव्हता. यापुढे दिवा लावण्यापूर्वी स्टँडच्या भोवतीची जागा कारागिराच्या परवानगीने मोकळी करून घ्यायची, असा नियम केला. दुसरा स्टँड इथे असता तर काय झाले असते याचा विचारही नको वाटतो.

रंगाचीही एक अडचण आली. हनुवटीच्या खाली दोन्ही जबड्यांवर नारिंगी छटा दिसत होती आणि फ्लॅशच्या रंगाचे गणित कितीही बदलले तरी ती जात नव्हती. ताज्या पॉलिशचा भोपळा मांडीवर होता आणि सॉफ्टबॉक्सचा उजेड त्यावरून उलटून चेहऱ्यावर खालून पडत होता, म्हणजे भोपळा हाच न मागितलेला दुसरा दिवा झाला होता. वाद्य चार बोटे पुढे सरकवले आणि काळे कापड मांडीवर अंथरले, तेव्हा छटा निम्म्याहून कमी झाली. उरलेली तशीच ठेवली, कारण ती त्या कामाचाच रंग आहे.

९ फेब्रुवारी

आजचे कारागीर तिशीतले, केस दाट काळे, अंगात काळा सदरा, आणि मागची भिंत धुराने व लाखेच्या वाफेने काळवंडलेली. एका दिव्यात त्यांचे डोके भिंतीत विरघळले. केसांवर मागून दिवा मारणे हा याचा सर्वपरिचित उपाय आहे आणि मला तो आज फार मोहक वाटत होता.

तरी आधी असलेल्या दिव्याकडून काय होते ते पाहिले. बसण्याची जागा दीड मीटर पुढे आणली, कॅमेरा डावीकडे नेला आणि त्यांच्या अंधाऱ्या बाजूच्या मागे दाराचा उजेड पडलेला भिंतीचा तुकडा येईल असे केले. उजळलेला गाल काळ्या भिंतीवर आणि अंधारा गाल उजळ भिंतीवर आला, डोके दोन्ही बाजूंनी सुटले. त्यासाठी पाऊण तास गेला. मागून दिवा लावला असता तर पाच मिनिटांत काम झाले असते हे खरे आहे, पण प्रत्येक चित्रात केसांना तीच पांढरी किनार आली असती आणि तिचा उगम खोलीत कुठेही दिसला नसता.

१५ फेब्रुवारी

दुसरा फ्लॅश प्रत्यक्ष चित्रासाठी आज प्रथमच वापरला, मित्राकडून आणून. कारखान्याच्या आतल्या बाजूला दांड्यांचे लाकूड रचलेले होते आणि वर तयार सतारी टांगल्या होत्या. तो कोपरा चित्रात हवा होता, पण चेहऱ्यापासून साडेतीन मीटर मागे असल्याने मुख्य दिव्याचा उजेड तिथपर्यंत नावालाच पोहोचत होता, आणि शटर १/१५ पर्यंत उतरवले असते तर हात हलले असते. दुसरा फ्लॅश लाकडाच्या ढिगामागे, वर छताकडे तोंड करून, एक बत्तिसांश शक्तीवर ठेवला. कोपरा किंचित जागा झाला. चेहऱ्यावर त्याचा काहीच परिणाम नाही.

यावरून एक कसोटी वापरू लागलो आहे. दुसरा दिवा लावण्यापूर्वी तो चित्रातल्या कुठल्या वस्तूसाठी आहे हे एका वाक्यात वहीत लिहायचे. आज ‘टांगलेल्या सतारी दिसाव्यात म्हणून’ असे लिहिता आले. मागच्या रविवारी मनात आले होते ते ‘चित्र जास्त चांगले दिसावे म्हणून’ एवढेच होते.

चष्म्याची नोंद राहून गेली होती. सॉफ्टबॉक्स काचेत दिसला तर दिवा आणखी वर घ्यावा, चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचलाव्यात म्हणजे काचा खाली झुकतात. दोन दिवे असते तर एक वाचवताना दुसरा काचेत शिरला असता.

२३ फेब्रुवारी

ओळखीतल्या एका विद्यार्थिनीने, व्यक्तिचित्रे शिकायची आहेत तर किती दिवे घेऊ, असे विचारले. तिला एकच घे असे सांगितले, पण त्यातही स्टँड आणि सॉफ्टबॉक्स यांवर कंजुषी करू नको असे बजावले. फ्लॅश नंतर बदलता येतो, पण लहानशा सॉफ्टबॉक्सचा कठीण उजेड आणि डुगडुगणारा स्टँड रोज त्रास देतात. सहा महिने एका दिव्यावर काढ आणि प्रत्येक चित्रासोबत दिव्याचे अंतर, उंची आणि कोन लिहून ठेव, असेही सांगितले. चित्र बिघडले तर चूक कुठे झाली हे एका दिव्यात लगेच सापडते. तीन दिव्यांत चुकीच्या ठिकाणी ठेवलेल्या पहिल्या दिव्याची चूक दुसरा झाकतो, दुसऱ्याची तिसरा झाकतो, आणि शिकणाऱ्याला शेवटपर्यंत काही कळत नाही. लग्नाच्या मंचावर वीस माणसांचा समूह टिपायचा असेल किंवा पासपोर्टचे काम घ्यायचे असेल तर तिला दोन दिवे लागतील, हे मी लपवले नाही.

२ मार्चपासून रमजान आहे, त्याआधी सोळावे चित्र उरकले.

९ मार्च

सोळा बाय चोवीस इंचांचे पहिले पाच छापील नमुने घेऊन मिरजेला गेलो. रोजे सुरू असल्यामुळे कोणाला थकवायचे नव्हते, म्हणून कॅमेरा घरीच ठेवला. चाचांनी स्वतःच्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहिले, मग चित्र दाराकडे तिरपे धरले आणि हातातल्या घोडीवर अंगठा ठेवून म्हणाले, “ही अजून दोन हात घासायची होती. इथं बघा, चढ राहिलाय.” मी वाकून पाहिले. घोडीच्या पाठीवर, उजेडाच्या बाजूला, अगदी बारीक अशी एक गडद रेघ खरोखरच होती.

त्या नमुन्यात सावलीकडचा कान छपाईत बुडाला आहे. छपाईपूर्वी सावल्या पाव स्टॉपने उचलाव्या लागतील. चाचांचे चित्र ईदनंतर पुन्हा टिपायचे ठरले, कारण ती घोडी आता पूर्ण झाली आहे आणि ती चित्रात यावी अशी त्यांची इच्छा आहे. फ्लॅश दाराच्याच बाजूला राहील, मात्र तो दहा सेंटिमीटर खाली घ्यायचा आहे. उरलेल्या दोन कारखान्यांपैकी एकाला दारच दक्षिणेकडे आहे, तिथे दुपारी ऊन थेट आत येते. दारावर पांढरे सुती कापड लावून पाहायचे आहे. तीन मीटर पुरेल.